नंबर सात, बाद

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुकानात मी खोटं बोलले. चवीच्या बाबतीत, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कोणाला सांगायची सोय नाही आणि पोटात ठेवणं जमत नाही. म्हणून ही वही.

झालं ते जसंच्या तसं लिहिते. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही दाराजवळच्या फळीसाठी बारा वाइन निवडतो. ती फळी म्हणजे दुकानाचं तोंड. तिथे लागलेली बाटली वर्षभर खपते, आणि गावातली हॉटेलं आमची फळी बघून आपली यादी करतात. तीस बाटल्या येतात. गोदामवाले मामा (कोणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचे) प्रत्येक बाटलीला खाकी पिशवी घालतात, सुतळी बांधतात, वर नंबर टाकतात. कुठली कोणाची ते फक्त त्यांना ठाऊक. मी चाखते, पिकदाणीत थुंकते, चिठ्ठीवर लिहिते. मग पिशव्या निघतात आणि मी चिठ्ठी वाचून दाखवते. चिठ्ठी कोणी बघायला मागत नाही. थोरले मालक होते तेव्हापासूनची पद्धत. बाईंनी वाचलं की झालं.

आज सातवी बाटली तोंडात घेतली आणि पेन्सिल खाली ठेवली. आधी ओल्या पाटीचा वास, मग जांभूळ, मग काहीच नाही. आणि थुंकल्यावर सगळं परत, रांगेने, शिस्तीत! चिठ्ठीवर लिहिलं: ‘सात – पहिली. बाकीच्यांनी घरी जावं.’

पिशवी निघाली. आत जावईबापूंचं लेबल.

जावईबापू म्हणजे धाकटीचे, माझ्या बहिणीचे, यजमान. आई त्यांना जावईबापू म्हणायची, म्हणून सगळं घर म्हणतं. साठीला आले तरी. दोन तासांवर त्यांचा द्राक्षांचा मळा आहे. बावीस वर्षांपूर्वीच मी त्यांना बजावलं होतं – तुमची बाटली माझ्या दुकानात नको, नातं आड येतं. त्यांनी कधी पाठवली नाही. या वेळी मालकिणीने माझ्या पाठीमागे मागवली. तीन बाटल्या. मालकीण म्हणजे थोरल्या मालकांची सून; गेली चार वर्षं तीच बघते सगळं. पिशवी निघाल्यावर हसून म्हणते कशी, “म्हटलं बघू या, घरचं माणूस कितव्या नंबरावर येतं!”

ते हसणं मला कळलं. माझ्या आधी या खुर्चीवर जे गृहस्थ होते, त्यांनी मेव्हण्याची वाइन फळीवर लावली होती. थोरल्या मालकांना ते सांगितलं कोणी? मी. आठवड्यात ते घरी गेले आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसले. आता मी ‘सात, पहिली’ वाचणार, आणि उद्या सगळ्या बाजारात – बघा, बाईंनीही शेवटी बहिणीचं घर भरलं.

वाचलं ते असं: “सात, बाद. बूच लागलंय.”

बुचाला बुरशी असली की वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. करणाऱ्याचा त्यात दोष नसतो. म्हणून तेच तोंडात आलं. वर वाटलं, आपण दया केली!

मामांनी दुसऱ्या बाटलीला हात घातला. नियमच आहे – बूच म्हटलं की दुसरी उघडून खात्री करायची. मी म्हटलं, “राहू द्या मामा. दुसरीही तशीच निघेल.”

दुसरी तशीच निघाली असती यात शंका नाही. तेवढं वाक्य खरं होतं.

मालकीण म्हणाली, “मला तर बरी वाटली होती.”

“तुम्हाला सर्दी झालीय.”

तिने नाक पुसलं. संपलं. चिठ्ठी एप्रनच्या खिशात.

५ नोव्हेंबर, बुधवार

एप्रन धुतला. चिठ्ठी आधी काढून ठेवली. फाडणार होते. फाडली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

धाकटीचा फोन. मालकिणीने मळ्यावर कळवलं म्हणे – “आमच्या बाई म्हणाल्या, सगळ्याच बाटल्यांत तसं असणार.” वा! माझं वाक्य आणखी एक जिना चढलं.

“ताई, दुसरी उघडली होती ना? हे तेवढंच विचार म्हणतात. एका बाटलीत असेल तर बूच. दोन्हींत असेल तर तळघरातच बुरशी शिरली – पिंपांच्या लाकडात.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं कुठे चाललंय हे. कळलंही असेल. पण मागे मालकीण टेबलाशी उभी होती, पाकिटं उघडत.

“उघडली होती,” म्हटलं.

“आणि?”

“तेच.”

ती म्हणाली, “बरं. तुझा घसा कसा आहे?” माझ्या घशाला काय धाड भरलीय!

१० नोव्हेंबर, सोमवार

जावईबापू स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, नखांत माती, हातात कापडी पिशवी. पिशवीत तीन बाटल्या, तीन वेगळ्या पिंपांतल्या. बावीस वर्षांत दुकानाची पायरी चढले नव्हते. फळीसमोर उभे राहिले आणि देवळात बघावं तसे बघत राहिले. मला नजर कुठे ठेवावी कळेना.

“ताई, खोळंबा करतोय. पण कुठल्या पिंपात आहे तेवढं सांगा. तेवढंच वेगळं काढतो.”

मालकीण खुर्ची ओढून बसली. मामांनी ग्लास मांडले. तिन्ही चाखल्या. तिन्ही स्वच्छ. तिसरी तर चार तारखेच्या बाटलीपेक्षाही सरस. एवढंच म्हणायचं होतं – चुकलं माझं. दोन शब्द! कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवली होती मी.

जावईबापू माझ्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टरकडे बघतात तसे.

“पुसट आहे,” मी म्हटलं. “पण आहे.”

“तिन्हींत?”

“तिन्हींत.”

त्यांनी माझाच ग्लास उचलला, नाक खुपसलं, डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाले, “हो. आता येतोय मला.”

कसा आला? नव्हताच! मी सांगितला म्हणून आला. तीस वर्षं वेलींत काढलेल्या माणसाने स्वतःचं नाक काढून माझ्या हातावर ठेवलं.

जाताना पाया पडायला वाकले. मी मोठी ना!

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही लिहिण्यासारखं नाही. चौदा वाइन चाखल्या. सगळ्या पाणी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एक विक्रेता आला होता. बाटली काय ती – हातात धरवेना, तळ एवढा जाड की चोराच्या डोक्यात घालावी. लेबलावर सोनेरी हरिण. म्हणाला, “मॅडम, हिची एक गोष्ट आहे.”

“गोष्ट नंतर. आधी ओता.”

ओतली. साखरपाणी, वर लाकडाचा भुसा.

“कशी वाटली?”

“हरिण छान आहे.”

मामा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मालकीण मात्र बाटली फिरवून फिरवून बघत म्हणाली, “फळीवर उठून दिसेल हो. एक रिकामी जागा आहे ना?” जागा होती. बारा ठरल्या होत्या त्यातली एक माघारी गेली, पुरवठा नाही म्हणून. ती जागा कोणाची हे मला ठाऊक होतं. तिथे आता हरिण लागलं.

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचा हक्क कुठे ठेवलाय मी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवऱ्याला सांगितलं. जेवून शब्दकोडं सोडवत बसला होता. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, अजूनही कोणी बोलायला लागलं की नकाशासमोर उभा असल्यासारखा मान तिरकी करून ऐकतो. सगळं ऐकून चष्मा काढला.

“आत्ता फोन कर.”

“फोनवर नाही सांगता येत असलं.”

“मग आत्ता जा.”

“बुधवारी सुट्टी आहे. बुधवारी जाते.”

“अगं, दोन दिवस कशासाठी? दुकानासाठी?”

“माणूस काय दोन दिवसांत मरतोय?”

त्याने चष्मा परत घातला. म्हणाला, “तू शिस्तीची आहेस असं लोकांना वाटतं. मला विचारलं तर सांगीन – भित्री आहे.” आणि कोड्यात डोकं घातलं. लग्नाच्या एकोणचाळीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. तोही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळची बस. मळ्याच्या वाटेला लागले तो वास आला. आंबूस, गोडसर, रस्ताभर. गटार लाल वाहत होतं.

नऊच्या नऊ पिंपं रिकामी. चार फोडून ढीग घातलेला, पाच उन्हात पालथी. धाकटी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून तळघराची फरशी झाडूने घासत होती. मला बघून थांबली नाही. “ये. घसरशील, भिंत धरून ये.”

“हे काय केलंत!”

“काल सकाळी. बुरशी पसरते म्हणतात ना. वाट बघण्यात अर्थ नव्हता.”

काल सकाळी. सोमवारी रात्री नवरा म्हणाला तेव्हाच निघाले असते, तर शेवटची बस मला मिळाली असती.

जावईबापू वर पायरीवर बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली. मी तोंड उघडलं. त्यांनी आधीच सुरुवात केली –

“ताई, तुमच्यामुळे वाचलो. हॉटेलात गेलं असतं, चार लोकांच्या तोंडी पडलं असतं, तर नाव गेलं असतं. तुम्ही नातं बघितलं नाहीत. दुसरी कोणी असती तर पांघरूण घातलं असतं.”

चेहरा शांत. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसासारखा. म्हणाले, “आता बस झालं. ही म्हणते मळा देऊन टाकू. बरोबर आहे तिचं. माझं नाकच गेलं असेल तर काय करायचं मळा ठेवून? दहा डिसेंबरला कागद होतील.”

त्यावर मी काय म्हटलं? म्हटलं, “विचार करा.” आणि चहा प्यायले. दोन तास बसने गेले, चहा प्यायले, आणि दोन तास बसने परत आले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवऱ्याने विचारलं नाही. ताट वाढून घेतलं, खाल्लं, घासलं. माझंही घासलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गोदामात मालाची मोजणी. मी आणि मामा दोघंच. सातव्या नंबरच्या दोन बाटल्या उरायला हव्या होत्या. एकच होती.

“एक कुठे गेली?”

मामांनी पेटीवरचं धूळफडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं. “मी उघडली बाई. त्याच दिवशी, सगळे गेल्यावर.”

“कोणाला विचारून?”

“नियम आहे ना. दुसरी उघडायची. मला तुम्हीच शिकवलात. म्हटलं बाई आज घाईत आहेत, आपण बघून ठेवू.”

मी उरलेल्या बाटलीचं लेबल पुन्हा वाचलं.

“मला त्यातलं काय कळतं?” मामा म्हणाले. “पण भिजलेला पुठ्ठा मला कळतो. गोदामात आयुष्य गेलंय. त्यात पुठ्ठा नव्हता बाई.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमच्यापुढे?” ते खरंच आश्चर्याने बघत होते. “मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. पंधरा दिवस तेच म्हणतोय. मग परवा हरणाची पेटी उतरवली. ती तुम्ही चालवून घेतलीत, तेव्हा उमगलं.”

मोजणी पुरी केली. जाताना म्हणाले, “कोणाला सांगणार नाही. पण मला तुम्हाला बाई म्हणायला जड जातंय हो.”

एवढं सरळ कोणी तोंडात मारलं नव्हतं. आवाजसुद्धा चढवला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी असून दुकानात गेले. मालकिणीला सगळं सांगितलं, उभ्यानेच. वाटलं होतं भडकेल, हाकलेल. थोरल्या मालकांनी हाकललं असतं.

ती म्हणाली, “अय्या, एवढंच? मला वाटलं काय झालं!”

“एवढंच?”

“अहो, मी गंमत म्हणून मागवली होती बाटली. तुम्ही केवढं मनाला लावून घेता! गिऱ्हाइकाला काय कळतंय? हरिण बघा किती उठतंय!” मग खालच्या आवाजात, “फक्त बाहेर बोलू नका हं. दुकानाचं नाव आहे.”

गंमत म्हणून. मी सत्तावीस वर्षांचं नाव वाचवायला निघाले होते, तर वाचवायला समोर कोणी उभंच नव्हतं. ती हसली त्यात टोमणासुद्धा नसेल. नुसतीच हसली असेल! सगळा बाजार माझ्या डोक्यात बसला होता, बाहेर कोणी नव्हतं.

टेबलावरच राजीनामा लिहिला. तिने तारीख तपासली. म्हणाली, “नोटिशीचे दहा दिवस भराल ना?”

३० नोव्हेंबर, रविवार

धाकटी शहरात आली होती, मुलीकडे. तिला तिथेच गाठलं. मुलगी कामाला गेलेली, खोलीत आम्ही दोघीच. ती नातवाची झबली वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. चिठ्ठी दाखवली.

तिने चिठ्ठी वाचली. ‘बाकीच्यांनी घरी जावं’ला जरा हसली. मग चिमटा लावत म्हणाली, “माहीत होतं मला.”

“काय माहीत होतं?”

“नळ सोडायच्या आधी मी प्रत्येक पिंपातलं घोटभर घेतलं, ताई. हे वर होते, त्यांना बघवेना. नऊच्या नऊ स्वच्छ. मी काही तुझ्यासारखी जाणती नाही, पण बावीस वर्षं तेच पितेय. तू खोटं बोललीस हे मला तेव्हाच कळलं.”

“आणि तू नळ सोडलास?”

“सोडला.”

झबलं झटकलं. पाण्याचे थेंब माझ्या चष्म्यावर.

“दरवर्षी थंडीत पहाटे उठून मी त्या वेलींपाशी शेकोट्या पेटवते. माझे गुडघे बघ. मुलगी इथे, नातू इथे. आणि ह्यांचं काय – एकदा ताईच्या फळीवर लागू दे, मग सोडू. बावीस वर्षं! तू घेतली असतीस तर आणखी बावीस. माझं कोण ऐकत होतं? तुझ्या एका शब्दावर उठले ते. मी म्हटलं, ताई पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडली.”

मी पलंगाच्या कडेला बसले.

“त्यांना ठाऊक आहे का?”

“वेडी आहेस का! ते मला घरात ठेवतील का नंतर?” मग माझ्या शेजारी येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, खांद्याला खांदा लावून. “दहा तारीख जाऊ दे. कागद होऊ दे. मग तुला काय सांगायचं ते सांग. एवढं कर माझ्यासाठी. कधी काही मागितलं नाही मी तुझ्याकडे. बाटलीसुद्धा नाही.”

खरं आहे. मागितलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

दहा तारखेपर्यंत गप्प बसले तर मळा जातो, आणि एक चांगला माणूस मरेपर्यंत स्वतःला नाकाने अधू समजतो. आधी बोलले तर बहिणीचे गुडघे. दोन्ही पानं माझ्याच अक्षरातली. तिच्यावर चिडायला गेले, चिडता आलं नाही. तिने नळ सोडला. पिंपाला भोक मी पाडलं होतं.

नवरा म्हणाला, “तू ठरव.” पण म्हणताना माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी.

६ डिसेंबर, शनिवार

नोटिशीचा शेवटचा दिवस. हवाली केलं ते असं.

मालकिणीला – चवीच्या खोलीची किल्ली, सत्तावीस वर्षांच्या सत्तावीस वह्या. तिने विचारलं, “यातल्या फेकायच्या कुठल्या?”

मामांना – माझा बूच काढायचा स्क्रू. घेतला. “या, बाई,” म्हणाले.

दुपारच्या बसने मळ्यावर. जावईबापूंना – चार नोव्हेंबरची चिठ्ठी, आणि सातव्या नंबरची उरलेली बाटली, बूच न काढलेली. तोंडाने सांगितलं, उभ्याने, काही न वगळता. माझं.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.  धाकटी दारात उभी होती, हात पदराला पुसत. तिच्याकडे बघून त्यांनी मलाच विचारलं, “ताई, पिंपं सोडताना हिने चाखलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही.”